जुन्या, कमी खर्चाच्या विज्ञान मालिका : अजूनही बघाव्याशा का वाटतात?

मृगनक्षत्र

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानातल्या माणसांची अमेरिकन मालिका लागायची. सध्या ती मालिका पुन्हा क्रमाने बघतोय. लहानपणी न दिसलेलं सगळं आता दिसतं. परग्रहावरचे खडक पोकळ आहेत. आकाश म्हणजे रंगीत दिवे सोडलेली मागची भिंत आहे. यानाचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत, आडोशाला उभा असलेला माणूस ते ओढतो. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयची उपकरणं तर चक्क मीठदाण्या आहेत. एका भागात टेबलावर ठेवायला म्हणून आणल्या, पण त्यांचा घाट इतका वेगळा निघाला की प्रेक्षकांना त्या मीठदाण्या वाटल्याच नसत्या. मग त्या यानातल्या दवाखान्यात वापरल्या.

हे सगळं दिसत असूनही भाग सुरू झाला की मी जागचा हलत नाही. असं का होतं, यावर इथे बोलूया.

माझं म्हणणं आधी मांडतो. 'जुनं आहे म्हणून त्यातली कचकड्याची सजावट आपण चालवून घेतो' असं सहसा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हातात पैसा नव्हता म्हणूनच या मालिका अशा झाल्या, आणि आपलं प्रेम त्या 'अशा'वरच आहे. माणसं क्षणात यानातून ग्रहावर उतरतात, तो ट्रान्सपोर्टर घ्या. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही युक्ती निघाली. ती चमचम म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. पण त्यामुळे झालं काय, तर प्रवासात वेळ गेला नाही. दुसऱ्याच मिनिटाला माणसं ग्रहावर, आणि तिसऱ्या मिनिटाला पेच समोर.

१९६७ सालचा 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग ज्यांनी बघितला नसेल त्यांनी जरूर बघा. खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय. प्राणी म्हणजे रबराचा एक मोठा, ओबडधोबड गोधडीसारखा लगदा आणि त्याच्या आत सरपटणारा यानोस प्रोहास्का नावाचा स्टंट कलाकार. लपवायला जागाच नाही, पूर्ण उजेडात दिसतो. मग स्पॉक, यानावरचा टोकदार कानांचा परग्रहवासी अधिकारी, त्या लगद्यावर हात ठेवतो आणि त्याची वेदना स्वतःच्या तोंडाने बोलू लागतो. कळतं ते असं की ती आई आहे. खाणकामगार ज्यांना निरुपयोगी गोळे समजून फोडत होते, ती तिची अंडी होती. स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय त्या क्षणी जे करतो ते बघताना मला रबर दिसत नाही. दिसतं, पण मोजलं जात नाही.

'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', 'कॅप्टन व्योम', 'जायंट रोबोट', बाहेरच्या इतर मालिका, कशावरही लिहा. फक्त 'काय दिवस होते ते' एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय आवडलं तेही सांगा.

कंदील

मस्त धागा. 'जायंट रोबोट'साठी हात वर.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : जपानच्या तोएई कंपनीची मालिका, १९६७-६८ची, एकूण २६ भाग. एका मुलाच्या मनगटावरच्या घड्याळातून चालणारा प्रचंड यंत्रमानव. त्याचा चेहरा इजिप्तच्या फॅरोसारखा घडवलेला, आणि तो कधीच हलत नाही. राक्षस म्हणजे रबरी पोशाखातली माणसं, इमारती गुडघ्याएवढ्या.

आता शेवटचा भाग आठवा. मालिकेतला खलनायक सम्राट गिलोटिन, त्याला पृथ्वीवर मारलं तर स्फोटाने सगळंच जाईल, अशी अडचण आहे. तेव्हा रोबोट, ज्याने आजवर मुलाच्या हुकुमाशिवाय पाऊल उचललं नाही, तो स्वतःहून गिलोटिनला उचलतो आणि आकाशात घेऊन जातो. मुलगा खालून परत ये, परत ये म्हणून ओरडतोय. रोबोट ऐकत नाही. एका उल्केवर जाऊन आदळतो.

हलणारा चेहरा दिला असता तर त्याला काहीतरी भाव दाखवावा लागला असता. इथे चेहरा शेवटपर्यंत तोच, म्हणून सगळा भाव आपल्यालाच भरावा लागला. आमच्या चाळीत त्या दिवशी कोणीच कोणाशी धड बोललं नव्हतं.

रानवारा

धागा आवडला, पण मुद्दा पटला नाही.

तेव्हा वाहिनी एकच होती. निवडीचा प्रश्नच नव्हता. आठवडाभर वाट बघायची, मग अर्धा तास मिळायचा, आणि तो हुकला तर पुन्हा दिसेल याची खात्री नाही. अशा भुकेल्या वयात जे काही पानात पडेल ते गोड लागतं. आज आपण प्रेम करतो ते त्या वयावर आणि त्या खोलीत शेजारी बसलेल्या माणसांवर, ज्यातली काही आता नाहीत. हे प्रेम खरं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्याचं श्रेय पुठ्ठ्याच्या यानाला देऊ नये असं वाटतं.

'स्पेस सिटी सिग्मा' मीही जीव टाकून बघायचो. त्यातल्या खलनायक जखाकूची भीती वाटायची. तरी ती 'स्टार ट्रेक'च्या वळणावर बेतलेली होती आणि लेखनात त्याच्या जवळपासही नव्हती, हे आज म्हणावंच लागेल. दोन्हीकडे पैसा कमीच होता. मग फरक कशाने पडला?

उत्तररात्र

@रानवारा, तुमच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगते. माझा जन्म २००१चा. दूरदर्शनच्या त्या रविवारची कोणतीच आठवण माझ्याकडे नाही. वसतिगृहात मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बीबीसीची कालप्रवासाची मालिका, जुनं 'डॉक्टर हू' बघितलं, १९७५चं 'द आर्क इन स्पेस'. त्यात एका माणसाचं हळूहळू किड्यात रूपांतर होतं. त्याचा हिरवा झालेला हात म्हणजे रंगवलेलं बबल रॅप आहे, हे पहिल्या क्षणी कळतं. आम्ही दोघी हसलोही. पण तो माणूस तो हात खिशात लपवतो, स्वतःच्याच हाताशी झगडतो, आपल्या माणसांना वाचवायचे हुकूम कसेबसे देतो, तिथे आमचं हसू थांबलं. पुढचे भाग आम्ही त्याच रात्री संपवले.

म्हणजे बालपण नसतानाही हे पोचतं.

सह्यकडा

'डॉक्टर हू' निघालंच आहे तर थोडं सविस्तर लिहितो. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि इथे या मालिकेवर माणसं किती मनापासून प्रेम करतात ते रोज बघतो.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. बातम्यांच्या गडबडीत तो अनेकांचा बघायचा राहिला, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तिशीही न गाठलेली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, तोही पंचविशीच्या आतला, जन्म लखनऊचा. बीबीसीतल्या जुन्या लोकांना हे दोघेही नको तिथे आलेले वाटत होते, आणि त्यांच्या वाट्याला लाइम ग्रोव्हचा अडचणीचा, जुनाट स्टुडिओ आला.

नायकाचं कालयान बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं का दिसतं? ते जिथे जाईल तिथल्यासारखं रूप घेतं अशी मूळ कल्पना. पण दर कथेला नवं रूप बांधायचं म्हणजे खर्च. म्हणून ठरवलं की रूप बदलायचं यंत्र बिघडलंय आणि ते त्याच खोक्यावर अडकलंय. साठ वर्षांनंतर ते खोकं जगात कुठेही ओळखलं जातं. खर्च वाचवायला घेतलेला निर्णय मालिकेचा चेहरा झाला.

मालिकेतले खलनायक, डॅलेक बघा. लेखक टेरी नेशन, पण रूप दिलं रेमंड कुसिक या बीबीसीच्या नोकरदार डिझायनरने. आत माणूस बसून पायाने ढकलतो, हाताच्या जागी संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. पहिल्या कथेत मोजकेच डॅलेक बांधता आले, म्हणून मागच्या रांगेत डॅलेकचे मोठे फोटो कापून उभे केले होते. इंग्लंडातली अख्खी पिढी या वस्तूला घाबरून सोफ्यामागे लपली. कुसिकने एकच गोष्ट कटाक्षाने केली होती, आत माणूस आहे हे कुठूनही कळता कामा नये. पाय नाहीत, खांदे नाहीत, मान नाही. आकार कसा असावा हे ठरवायला पैसे लागले नाहीत, डोकं लागलं.

आणि आवाज! कालयानाची ती घरघर ब्रायन हॉजसनने एका उघड्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून काढली, मग टेपवर तिच्यावर संस्कार केले. शीर्षक संगीताची चाल रॉन ग्रेनरची, पण ते प्रत्यक्षात आणलं डेलिया डर्बिशरने. तेव्हा आजच्यासारखा सिंथेसायझर नव्हता. एकेक सूर टेपवर घ्यायचा, त्याचा वेग बदलून पट्टी बदलायची, मग टेपचे तुकडे कात्रीने कापून एकमेकांना जोडायचे. ग्रेनरने मानधनात तिला वाटा द्यायचा प्रयत्न केला, पण बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली, ती गेल्यावर बारा वर्षांनी. हे लिहितानाही वाईट वाटतं.

@रानवारा, वयाचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. पण एक बघा. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, म्हणून बीबीसीने पहिल्या सहा वर्षांतले कितीतरी भाग पुसून टेप पुन्हा वापरल्या. शंभरएक भाग त्यात गेले. पण त्यांचा आवाज आज पूर्ण उपलब्ध आहे, एकूण एक भागाचा. कारण घरोघरच्या मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून ठेवला होता. जे खुद्द बनवणाऱ्या संस्थेला जपावंसं वाटलं नाही, ते बघणाऱ्यांनी जपलं. परदेशी विकलेल्या प्रती अजूनही कुठे कुठे सापडतात. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रातून नऊ भाग परत मिळाले. त्यातली 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा संपूर्ण हाती लागली, ती बघताना मी अक्षरशः उभा होतो.

कंदील

@सह्यकडा, या प्रतिसादाचा वेगळा लेख करा ही विनंती. किल्लीचं माहीतच नव्हतं.

गवती_चहा

मी मुंबईत मालिकांच्या सेटवर कलादिग्दर्शनाचं काम करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

बीबीसीच्या या जुन्या मालिकांचं काम स्टुडिओत, तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालवून व्हायचं. साठच्या दशकात टेप कापून जोडणं महागही होतं आणि कटकटीचंही. त्यामुळे प्रसंग सलग घ्यायचे. नट चुकला तरी सावरून पुढे जायचा, आणि ती चूक तशीच प्रक्षेपित व्हायची. बीबीसीत रात्री दहाला दिवे बंद म्हणजे बंद, काम उरलं तर उरलं. याचा परिणाम असा की नटाला पूर्ण प्रसंग तोंडपाठ लागायचा आणि तो समोरच्याचं ऐकून बोलायचा. आता आम्ही एकेक वाक्य तोडून घेतो. नट हिरव्या पडद्यासमोर काठीला लावलेल्या चेंडूकडे बघून घाबरतो. रबराचा का होईना, समोर देह असला की नटाच्या डोळ्यात फरक पडतो. कॅमेऱ्याला तो कळतो, प्रेक्षकालाही.

दुसरं, प्रकाशाबद्दल. पुठ्ठा उघडा पडतो तो सगळीकडे सारखा उजेड टाकल्यामुळे. सेट गरीब असला तर तो अंधारात ठेवायचा, हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. जुन्या कृष्णधवल भागांत सेट खरे वाटतात आणि रंगीत आल्यावर तेच सेट उघडे पडतात, त्याचं कारण बरंचसं हेच आहे. त्यामुळे गरिबीलाच सगळं श्रेय देणं मला जड जातं. गरिबी होती आणि तिच्याशी झुंजणारी, आपल्या कामात तरबेज माणसं होती. ती नसती तर नुसतीच गरिबी दिसली असती. 'सिग्मा' आणि 'ट्रेक'मधला फरक माझ्या मते तिथेच आहे.

पिंपळपान

मी सिंधुदुर्गातला. हे सगळं वाचताना मला आमचं दशावतारी नाटक डोळ्यांसमोर आलं. देवळासमोर एक बाकडं. राजा त्यावर बसला की सिंहासन, तेच बाकडं पुढच्या प्रवेशात पर्वत. संहिता लिहिलेली नाही, संवाद तिथल्या तिथे रचायचे. पुरुष साडी नेसून येतो आणि दोन वाक्यांत समोरच्या बायका पदराने डोळे पुसायला लागतात. रात्रभर चालतं, आणि पहाटेपर्यंत कोणी विचारत नाही की सिंहासन कुठाय.

आमच्या आजीने 'स्टार ट्रेक' माझ्याबरोबर बघितलं होतं. तिला इंग्रजीचा गंध नाही. स्पॉकच्या कानांबद्दल तिने एकदाही काही विचारलं नाही. "हो शानो आसा, पण ह्येका आपला म्हणणारा कोण नाय," एवढंच म्हणाली. पूर्ण मालिकेचं सार तिला वेशावरून आणि उभं राहण्यावरून कळलं होतं. ज्यांना नाटक बघायची सवय आहे त्यांना असा सेट अपुरा वाटतच नाही असं मला वाटतं. अख्खं चित्र तयार करून समोर ठेवण्याची अपेक्षा नंतर आली.

रानवारा

पिंपळपान, तुमच्या आजीला नमस्कार.

गवती_चहा यांचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. त्यालाच जोडून 'कॅप्टन व्योम'बद्दल लिहितो. १९९८, दूरदर्शन, दिग्दर्शक केतन मेहता, नायक मिलिंद सोमण. टॉम ऑल्टर विश्वप्रमुख. बारा खतरनाक गुन्हेगार तुरुंगातून सुटलेत आणि व्योमने एकेकाला पकडायचं, अशी चांगली पक्की चौकट होती. त्या काळाच्या मानाने संगणकावरची दृश्यं भरपूर होती आणि आम्हाला त्याचं अप्रूप होतं. आज बघायला गेलो तर तीच दृश्यं सगळ्यात आधी शिळी झालेली आहेत. तिच्याहून तीस वर्षं जुनी रबरी आई मात्र अजून चालते.

मला वाटतं ज्यात हात लागलेला असतो ते टिकतं. १९८१च्या बीबीसीच्या 'हिचहायकर्स गाइड' या विनोदी विज्ञान मालिकेमध्ये संगणकाच्या पडद्यावरची जी सुंदर चित्रं दिसतात, ती संगणकाची नाहीतच. रॉड लॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती हाताने काढून, मागून प्रकाश सोडून, ॲनिमेशनच्या पद्धतीने एकेक चित्र घेत बनवली होती. खरा संगणक तेव्हा तसं काही दाखवूच शकत नव्हता. ती आजही ताजी वाटतात.

मृगनक्षत्र

@रानवारा, @गवती_चहा : माझं म्हणणं तुमच्यामुळे जास्त स्पष्ट झालं. पैसा नसणं पुरत नाही. पैसा नाही हे ओळखून कथा त्याप्रमाणे रचणारा लेखक लागतो. 'इंद्रधनुष'मध्ये तो शहाणपणा होता. १९८९, आनंद महेंद्रू यांची मालिका, गिरीश कार्नाड, लहानगी ऊर्मिला मातोंडकर, शाळकरी करण जोहर. यान नाही, ग्रह नाहीत. मुलं घरच्या घरी संगणक जोडतात आणि त्या संगणकात परग्रहावरचं कोणीतरी येतं. दाखवायचं काय, तर एक पेटी आणि तिच्याभोवती जमलेली मुलांची तोंडं. ज्या देशात बहुतेकांनी संगणक हातानेही चाचपलेला नव्हता, तिथे ती पेटीच पुरेशी अद्भुत होती.

तसंच 'ब्लेक्स सेव्हन'. हेही टेरी नेशनचं, १९७८ ते १९८१. खर्च एका साध्या पोलिसी मालिकेएवढा. त्यामुळे परग्रह म्हणजे दर वेळी इंग्लंडातली कुठली तरी खडीची खाण. पण पृथ्वीचं सरकारच जुलमी, नायक खोट्या आरोपात शिक्षा झालेला, साथीदार चोर आणि खुनी, आणि कोणाचाच कोणावर विश्वास नाही. शेवटचा भाग २१ डिसेंबर १९८१ला लागला, नाताळच्या आठवड्यात, आणि त्यात एकामागून एक जवळजवळ सगळे गोळ्या खाऊन पडतात. एवढी हिंमत मोठा पैसा गुंतलेला असताना कोणी केली असती असं मला वाटत नाही. गमवायला कमी असलं की लेखकाला मोकळीक मिळते. हा मुद्दा वर राहिला होता.

उत्तररात्र

मग मराठीत असं फारसं का दिसत नाही? कथा तर भरपूर आहेत. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, केवढं काम झालंय. यातल्या कितीतरी कथा दोन खोल्या, चार माणसं आणि एक प्रश्न एवढ्यावर उभ्या आहेत. प्रयोगशाळा आणि बैठकीची खोली, संपलं.

गवती_चहा

@उत्तररात्र, वाहिनीवाल्यांना विज्ञानकथा म्हटली की आधी खर्चाचा आकडा दिसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉलिवूड असतं. खरं तर रोजच्या कौटुंबिक मालिकेच्या साड्या-दागिने आणि बंगल्याच्या भाड्यात तुम्ही म्हणता तशी तेरा भागांची मालिका आरामात होईल. मला कोणी असं काम दिलं तर बाकीचं बाजूला ठेवून करेन.

पिंपळपान

एकांकिका स्पर्धांमधल्या मुलांना हे सांगा कोणीतरी. त्यांना दोन ठोकळ्यांत अंतराळयान उभं करता येतं, आणि पाठांतराची तर अडचणच नाही.

कंदील

एक मदत हवी. भाचा नऊ वर्षांचा आहे, सुट्टीत येतोय. त्याला यातलं काय दाखवू? 'जायंट रोबोट' दाखवायची फार इच्छा आहे, पण त्याने मोठ्या पडद्यावर सगळं बघितलेलं आहे, आणि तो हसला तर मला सहन होणार नाही.

सह्यकडा

हसू दे पहिली दहा मिनिटं, उत्तररात्रही हसल्या होत्या. शेवटचा भाग मात्र आधी दाखवू नका, मधले किमान आठ-दहा भाग होऊ द्या, रोबोट हुकूम पाळतो याची त्याला सवय होऊ द्या. 'डॉक्टर हू'मधलं दाखवायचं तर डॅलेकची पहिली कथा घ्या. सात भाग आहेत, कृष्णधवल. रोज एकच दाखवा, सलग नको. पहिला भाग नायिकेच्या किंकाळीवर संपतो आणि डॅलेकचा फक्त तो रबरी पंप तिच्याकडे सरकताना दिसतो. तिथे बंद करायचं आणि झोपायला पाठवायचं.

कंदील

ठरलं. गवती_चहा म्हणतात तसं खोलीतले दिवेही बंद करतो.